देठाला भुललेले श्यामकांत

डमडमच्या आमच्या सोसायटीत ऑनलाइन काहीही मागवायचं असलं, की लोक आधी दुसऱ्या मजल्यावर श्यामकांत धोपेश्वरकरांकडे जातात. हा माणूस बँकेच्या बदलीवर कोलकात्याला आला, इथेच निवृत्त झाला आणि आता नकली दुकानं पकडतो. फुकट! वर चहाही पाजतो!

त्यांची तपासणी बघण्यासारखी असते. चष्मा कपाळावर, मोबाइल नाकाला टेकलेला. "पत्ता कुठाय? नाही. पैसे? आगाऊच, माल आल्यावर नाही. वा! आणि हे वाचा, चाळीस बायकांनी एकाच दिवशी मिक्सरला पाच तारे देऊन लिहिलंय, 'कापड मऊ आहे'. चोर!" त्यांचा सगळ्यात लाडका पुरावा म्हणजे शुद्धलेखन. एका खऱ्याखुऱ्या चपलावाल्यालाही त्यांनी केवळ स्पेलिंगपायी चोर ठरवलं होतं, पण ते असो.

अशा माणसाचं डोकं यंदा जमाईषष्ठीने फिरवलं. बंगाल्यांमध्ये हा जावयाच्या मानाचा दिवस. त्याला सासरी बोलावून पोट फुटेस्तोवर वाढायचं, तेही ऐन आंब्याच्या दिवसांत. श्यामकांतांच्या लेकीने, ऋताने, सॉल्ट लेकच्या आपल्या ऑफिसातला निलाद्री नवरा म्हणून निवडला. मुलगा गुणी, पण बंगालच्या हिमसागर आंब्यापुढे हापूस काहीच नाही, असं त्याने राजापूरच्या सासऱ्याला तोंडावर सांगितलं!

"जमाईषष्ठीला ये," श्यामकांत गरजले, "हापूस खा आणि पानावर बसून शब्द मागे घे!"

षष्ठी आली जूनमध्ये. तोवर बाजारातला हापूस संपला. आणि नेमकं तेव्हाच त्यांना मोबाइलवर एक मराठी दुकान सापडलं. थेट बागेतून, निम्म्या दरात, शेवटच्या वीस पेट्या! त्यांनी मला हाका मारून खाली बोलावलं.

"ऐका! 'फळ उतरवताना देठ राखतो, कारण देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो.' अहो, एक अनुस्वार इकडचा तिकडे नाही! चोर असं लिहितो का?"

"पत्ता कुठाय?" मी विचारलं.

"आपल्या माणसाला पत्ता काय विचारायचा!"

त्यांच्या पत्नी शकुनवहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पैसे आगाऊच मागतोय ना? दुसऱ्या कुणी हे दाखवलं असतं, तर त्याची खरडपट्टी काढली असतीत."

"शकुन, बावीस वर्षं मी या गावात हिंदीत भाजी आणतो आणि बंगालीत भांडतो. आज कुणीतरी 'देठ' म्हणालं गं!"

पैसे भरायला त्यांनी बोट उचललं आणि तसंच हवेत थांबवलं. संशयाने नव्हे! एवढं सुंदर लिहिणाऱ्याला आधी शाबासकी द्यायला हवी, म्हणून. त्यांनी फोन लावला.

"नमस्कार! तुमचं मराठी वाचून मन भरून आलं हो. ते देठाचं वाक्य कुणाचं?"

पलीकडून आवाज आला, "हां जी, पेमेंट हो गया?"

"देठ! देठ म्हणतोय मी!"

"सर, देठ आउट ऑफ स्टॉक है. मँगो ले लो."

श्यामकांत पिकलेल्या टोमॅटोसारखे लाल झाले. त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं इंटरनेटवर शोधलं. निघालं राजापूरजवळच्या प्रेमलताबाईंच्या बागेचं पान, पत्त्यासकट, फोनसकट. चोराने शब्द न् शब्द उचलला होता. बाईंना फोन केला, तर त्या भडकल्या. "अहो, आमचा आंबा मे महिन्यातच संपला! पानावर ठळक लिहिलंय, यंदाची विक्री बंद. तेवढंच नाही उचललं वाटतं मेल्याने?"

श्यामकांतांनी सायबर पोलिसांकडे तक्रार केली, पुढच्या मोसमाची पेटी बाईंना सांगून ठेवली आणि खुर्चीत कोसळले. षष्ठी चार दिवसांवर, आणि घरात हापूसची कोयसुद्धा नाही! शेवटी षष्ठीच्या सकाळी शकुनवहिनींनी जावयाला कळू न देता हिमसागर आणला, रस काढला, सुंठ-तूप घातलं.

साक्षीदार म्हणून मीही पानावर होतो. श्यामकांतांनी "घे, हापूस!" म्हणत वाटी पुढे केली. निलाद्रीने पहिली वाटी संपवली, दुसरी संपवली, तिसरी चाटली आणि ऋताने शिकवलेल्या मराठीत दोन्ही हात वर केले. "बाबा, मी हारला! हापूसच राजा!"

काय तो क्षण! विजय, तोही जावयाच्या तोंडून! शकुनवहिनी डोळ्यांनी विनवत होत्या, गप्प राहा. श्यामकांत राहिलेही, एक पुरी संपेपर्यंत. मग त्यांचा बांध फुटला.

"ठेव ती वाटी खाली! चौकशी केलीस? आंबा बघितलास? मी म्हटलं हापूस आणि तू खाल्लास! हिमसागर आहे तो! फसवलं मी तुला!"

निलाद्री पाटावरून उडालाच. "म्हणजे मी जिंकला!" तो नाचायला लागला, ऋता हसून हसून भिंतीला टेकली, आणि श्यामकांत त्याच्या मागे रसाचं पातेलं घेऊन चौथी वाटी वाढायला धावत ओरडत होते, "पुढच्या मे महिन्यात ये! प्रेमलताबाईंची पेटी येऊ दे, मग बघतो तुला!"