दोनशे सतरा नंबरचा कोट

माझ्या ताईने लॉन्ड्रीत एकोणीस वर्षं इस्त्री केली. त्यातली शेवटची तीन मी तिच्या शेजारी बसून, जीव मुठीत धरून काढली.

कारण फोनवर ती इस्त्रीवाली नव्हतीच. तिथे तिचं नाव वेगळं, नायिकेला शोभेलसं. तिथे ती कॉलेजात शिकवायची. फोटो मात्र गिऱ्हाइकांच्या कपड्यांतले! मालक जेवायला गेला की मागच्या खोलीत जायचं, एप्रन काढायचा, कुणाचा तरी कोट चढवायचा, हनुवटी वर. दोन मिनिटांत कोट पुन्हा इस्त्रीखाली. मग दिवसभर अनोळखी माणसं लिहीत राहायची, 'मॅडम, काय दिसता!' ती दर पाच मिनिटांनी फोन बघायची आणि मी दर दोन मिनिटांनी दार.

"अगं, एक दिवस दोघींची नोकरी घालवशील," मी चिडून म्हणायचे.

"झाकली मूठ सव्वा लाखाची. तू आपली पट्ट्या लाव."

पट्ट्या लावणं हे माझं काम. कपडा आला की कॉलरच्या आत गिऱ्हाइकाच्या नंबरची पांढरी पट्टी टाचायची. ती कापायची थेट काउंटरवर, कपडा देताना.

मंगळवारी वकीलबाई आल्या. अकरा वर्षांचं गिऱ्हाईक, नंबर दोनशे सतरा. त्यांनी मालकासमोर फोन धरला. "हा माझा कोट. आणि ही बया कोण?"

फोटोत ताईची कॉलर उलटली होती आणि पट्टी ताठ उभी होती. दोनशे सतरा. हा फोटो मी दहा वेळा पाहिला होता, ताईने शंभर वेळा. पण पट्टी आम्हाला दिसतच नाही. आमच्या लेखी पट्टीशिवाय कोट म्हणजे अर्धाच कोट.

मालकाने फोटो जवळून पाहिला, लांबून पाहिला. ताई त्याच्यापासून चार हातांवर उभी होती. त्याने घरपोच कपडे देणाऱ्या काकांना हाक मारली.

"काका, हा कोट वाटेत कुणाला घालायला दिला होता?"

"मी कशाला देऊ, मालक?" काकांनी हातातलं हेल्मेट काउंटरवर ठेवलं.

"मग उडत गेला? खरं बोला, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

मी टेबलाखाली ताईचा पाय दाबला. गप्प राहा! वाईट वाटतं सांगायला, पण त्या क्षणी मला काकांचं काहीही पडलं नव्हतं. कुणी ओळखलं नव्हतं, एवढंच मला पुरे होतं.

तेवढ्यात वकीलबाई टेबलापाशी आल्या आणि फोन ताईच्या तोंडासमोर धरला. "अहो इस्त्रीबाई, तुम्ही पाहिलंय का हो हिला कधी?"

ताईने फोनकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. तिचा चेहरा असा पडला, की मीच पाय मागे घेतला.

"मीच आहे ती."

मालक हसला. "काकांना वाचवायला काहीही बोलू नका."

"अहो, मीच आहे! नीट बघा ना!" ताईचा आवाज चिरकला. वकीलबाई नकारार्थी मान हलवत होत्या, उगाच गंमत करू नका म्हणावं तशी.

तेव्हा ताईने एप्रन काढून टेबलावर आपटला. धुऊन आलेला दोनशे सतरा हँगरवरून ओढला, सगळ्यांसमोर अंगात घातला, बटणं लावली आणि हनुवटी वर केली.

वकीलबाईंनी एकदा फोन पाहिला, एकदा ताईला, पुन्हा फोन. काका भिंतीला टेकून खाली बसले.

मालकाला वाचा फुटली ती ओरडण्यासाठीच. ताईची नोकरी गेली, ती तिथल्या तिथे. ताईने ऐकून घेतलं. कोट काढला, कॉलर चुरगळली होती म्हणून पुन्हा इस्त्री फिरवली, पट्टी कापली आणि कोट काउंटरवर ठेवला.

वकीलबाई कोट घेईनात. त्या ताईच्या तोंडाकडेच बघत होत्या. "तुमचं नाव काय हो?" त्यांनी हळूच विचारलं.

मी ताईकडे पाहिलं. कारण फोनवरचं नाव तिला फार आवडायचं.

ताईने आईने ठेवलेलं नाव सांगितलं.