बेटावरचा घास

"काका, अप्पा गेले," असं बसवराजच्या मुलानं, महेशनं, फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "कुठं?" नांदेडला घरी मेथी निवडत बसलो होतो मी. पोरगं रडायलाच लागलं. सव्वा महिना होत आला, तरी त्या "कुठं"ची लाज वाटते. पण बसवराज कुठं जाणारा माणूसच नव्हता. लातूरच्या मार्केट यार्डातली आडत, घर आणि मठ, याच्या बाहेर तो दिसायचा तो लग्नात नाही तर मयतीत. चाकूरला सख्ख्या बहिणीकडं गेला तरी संध्याकाळच्या एसटीनं परत. अशा माणसाला मी एकदाच काय तो लांब नेला, आणि त्याची गोष्ट मला आता सांगायलाच हवी.

आमची ओळख कॉलेजातली. तो उदगीरकडचा लिंगायत, मी बौद्ध. लातुरात खोली बघायला दोघं मिळून गेलो, तर माझं आडनाव ऐकून घरमालक कुरकुरला. बसवराजनं आपलं बोचकं उचललं. "मग मला बी नको खोली," एवढंच म्हणाला आणि चालू लागला. भाषण नाही, काही नाही. दुसरीकडं खोली मिळाली, तिथं आम्ही तीन वर्षं राहिलो. रोज सकाळी अंघोळ झाली की तो गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचा. भस्म, बेल, थोडं पाणी, आणि डोळे मिटून बसायचा. ते झाल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. मी मुद्दाम समोर बसून मिटक्या मारत पोहे खायचो. "तुझ्या देवाला सांग, पोहे निवायलेत." तो डोळे न उघडता हसायचा. देव आहे की नाही, हा आमचा वाद तेव्हा सुरू झाला तो पुढं चाळीस वर्षं चालला. त्यात कुणी हरलं नाही, कारण खरं भांडण कधी झालंच नाही.

लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. बसवराजला तसा बसवला, कपाळाला भस्म लावलं, आणि महेशनं त्याच्या डाव्या हातावर लिंग ठेवून बोटं मिटली. माझं लक्ष त्या हातावरच होतं... तो तळहात पूजेच्या वेळी मी एकदा रिकामा पाहिलेला आहे, आणि त्याला कारण मी आहे.

चार वर्षांपूर्वी बसवराजनं आडत मुलाच्या हाती दिली. घरात बसून तो वाळायला लागला म्हणून मी त्याच्या मागं लागलो. किनवटच्या पलीकडं, जंगलाच्या आत एक जुनं धरण आहे. पाणी भरलं तेव्हा एका टेकडीचा वरचा भाग तेवढा बाहेर राहिला. वन खात्यानं तिथं बाग केली आहे. झाडं, पाऊलवाटा, दगडी बाकं आणि पाखरं, बाकी काही नाही. सकाळी नऊला एक बोट सोडून येते, चारला घ्यायला येते. मधे मोबाईललाही रेंज नाही. बसवराज पाण्याला जाम भ्यायचा. "आरं, घागरीपेक्षा जास्त पाणी बघितलं की माझं पोट हालतंय," म्हणायचा. पण तिथं बेलाची पुष्कळ झाडं आहेत असं सांगितल्यावर गडी तयार झाला.

आदल्या रात्री किनवटला मुक्काम केला. सकाळी अंघोळ करताना त्याच्या गळ्यातला दोरा तुटला. झिजलेलाच होता. लिंगाची डबी त्यानं रेशमी फडक्यात गुंडाळली, भस्माबरोबर कापडी पिशवीत ठेवली आणि म्हणाला, "पूजा आता तितंच करतो. एवढं पाणी, एवढा बेल, आनखी काय पायजे?" भाड्याच्या जीपनं धरणावर पोचलो तर बोटवाला हाका मारत होता. बसवराज फळीवर पाय ठेवायलाच तयार नाही. मीच ओरडलो, "बोट सुटायली! तू दोन्ही हातानं धर, पिशव्या मी घेतो." मी डब्याची पिशवी घेतली, पाण्याच्या बाटल्या घेतल्या. त्याची पिशवी जीपच्या मागच्या सीटवर राहिली. हा माझा शहाणपणा.

बेट जवळ आलं तशी मी बोटीतच पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेतली. उतरल्या उतरल्या खायचंच होतं, नाहीतर साखर घसरते. उतरून बसवराजनं पाय धुतले, बेलाची पानं खुडली, दगडावर बसला आणि हात पुढं केला. "दे पिशवी." तेव्हा माझ्या लक्षात आलं. बोट पार पलीकडं गेली होती.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पानं दगडावर नीट ठेवली आणि म्हणाला, "डायवर चांगला हाय. जपंल. आज माझा उपास समज. तू खा, तुझी सुई झालीया." मी म्हणालो, "तू खाल्ल्याबिगर मी घास घेणार न्हाई." निम्मं ते पश्चात्तापानं म्हणालो. निम्मं... आता लपवून काय करू, निम्मं त्याला हरवायला म्हणालो. चाळीस वर्षांचा वाद आणि समोर असा आयता मोका. तो विनवण्या करत राहिला, मी हटून बसलो. अर्ध्या तासात मला घाम फुटला, बोटं थरथरायला लागली, जीभ जड झाली. "सुध्या, खा रे बाबा," तो रडकुंडीला आला. मी मान हलवली.

मग तो उठला. ज्या पाण्याला भ्यायचा त्यात घोट्याएवढा उतरला, उजव्या तळहातात पाणी आणलं, रिकाम्या डाव्या तळहातावर सोडलं, वर बेलाचं पान ठेवलं आणि डोळे मिटले. ओठ हलत होते. झटकन डोळे उघडून त्यानं डबा ओढला, धपाट्याचा तुकडा मोडून माझ्या तोंडात कोंबला आणि दुसरा स्वतःच्या. "खाल्लं बघ मी. आता गीळ!" दोघंही रडत होतो आणि खात होतो. चारला बोट आली. जीपमधली पिशवी छातीशी धरून तो किनवटपर्यंत डोळे मिटून बसला. मला वाटलं, दमला असेल.

त्यानंतर मी काय करावं? जिंकलो असं समजून चार वर्षं फुशारकी मारली. मित्रांत बसलो की, "आमच्या बसूनं बेटावर नेम सोडला बघा." तो तिथंच बसलेला असायचा. हसायचा. "हाव, सोडला बाबा," म्हणायचा.

परवा वहिनींना भेटायला गेलो. महेश कुणाला तरी अभिमानानं सांगत होता, अप्पांनी जन्मात कधी लिंगपूजेशिवाय तोंडात घास घातला नाही. मला राहवलं नाही. तो आत गेल्यावर वहिनींना सगळं सांगून टाकलं. पिशवी, सुई, माझा हट्ट, सगळं.

"म्हाईत हाय भावजी. आल्या दिवशीच सांगितलं त्येनी. मठात स्वामींकडं जाऊन बी आले. तवापासून दर सोमवारी निरंकार उपाशी ऱ्हायचे. एक सोमवार मोडला न्हाई. दवाखान्यात होते तवा बी."

चार वर्षांतले सोमवार... आणि मी त्याला चिडवत होतो. "मला का नाही सांगितलं?" एवढंच कसंबसं विचारलं.

वहिनींनी डोळ्याला पदर लावला, आणि रडता रडता हसल्या. "मीच म्हनलं हुतं, सांगा की भावजींना. तर म्हनले, नको गं, त्येला कळलं तर त्यो येडा परत सुई घिऊन माझ्यासंगं उपाशी बसंल."

आज सोमवार. सकाळी सुई घेतली आणि हात जोडून का होईना, रडत का होईना, ताट ओढून लगेच जेवलो. आता दर सोमवारी मी वेळेवर जेवणार आहे.