हरणीची दोरी

कामोठ्याच्या जगदाळ्यांकडे पाहुणा आला की त्याला आधी कुत्री भेटते, मग माणसं. चहा मात्र अजून माणसंच करतात. घरात माणसं पाच आणि कुत्री एक, पण सगळ्यांचं उठणं-बसणं त्या एकीच्या हिशेबाने चालतं. तिचं नाव हरणी. जात कारवान, म्हणजे देशावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या बाळगत आले ती लांब तंगड्यांची, खोल छातीची, वाऱ्यासारखी पळणारी जात. राजाबाई सकाळी पहिली भाकरी तिच्यासाठी थापतात. दुसरी नवऱ्याला मिळते आणि नवऱ्याची त्याबद्दल काही तक्रार नसते.

नवरा म्हणजे हौसेराव. पस्तीस वर्षं तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते. आता पाठ वाकली असली तरी कुत्र्यांविषयी बोलताना ती सरळ होते. हरणीला साताऱ्याकडच्या एका जुन्या घरातून त्यांनीच आणलं, कागदपत्रांसकट. त्यांना स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारा, डोकं खाजवत बसतील. हरणीच्या खापरपणजीचं नाव मात्र गाढ झोपेतून उठवलं तरी बिनचूक सांगतील. त्यांचा मुलगा राजवर्धन जासईला कंटेनर यार्डात कामाला आहे आणि सुट्टीचा दिवस डॉग शोच्या मैदानावर घालवतो. त्याची बायको अक्षता लग्न होऊन आली तेव्हा कुत्र्यांना भीत होती. आता हरणीला शिंक आली तर डॉक्टरला पहिला फोन तिचा असतो.

आणि या सगळ्यांत लहान वैष्णवी, वय वर्षं बारा. ही मुलगी बोलायची कमी. शाळेत बाई म्हणायच्या, हुशार आहे पण हात वर करत नाही. घरात तिचं बोलणं बहुतेक हरणीशी चालायचं आणि तेही कानात. म्हणून जूनमध्ये ती बापाला जेव्हा म्हणाली, "पप्पा, मला हरणीला रिंगमध्ये न्यायचंय," तेव्हा राजवर्धनच्या हातातला घास हातातच राहिला.

शोमध्ये कुत्रा फिरवणं हे लांबून सोपं दिसतं. दोरी धरायची आणि पळायचं, असं अक्षताच्या माहेरच्यांना अजूनही वाटतं. प्रत्यक्षात पहिला धडाच असा की कुत्रा दिसला पाहिजे आणि आपण दिसता कामा नये. जज आणि कुत्रा यांच्या मधे कधीही यायचं नाही. चारी पाय नीट मांडून कुत्र्याला उभं करायचं, मान वर, पाठ सरळ, आणि जज बघत असेपर्यंत त्याला तसंच ठेवायचं. मग पळायचं, पण आपल्या चालीने नाही, त्याच्या चालीने. वैष्णवी रोज शाळेतून आली की पार्किंगमध्ये हे करायची. शेजारच्या बंद पडलेल्या दुकानाची काच होती, तिच्यात स्वतःला बघत पळायची. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा नोटीस लावली आणि तिसऱ्यांदा स्वतःच खुर्ची टाकून बघायला बसले.

खरी अडचण वेगळीच होती. कारवान परक्याचा हात सोसत नाही. आणि जज तर परकाच असतो. तो दात बघणार, खांदे चाचपणार, पाठीवरून हात फिरवणार. त्यावर हौसेरावांनी उपाय काढला.

"सोसायटीतल्या समद्यांला जज करायचं," ते म्हणाले. "माणसाची सवय माणसानंच लागती."

मग काय विचारता. वॉचमन जज झाला. इस्त्रीवाला हातातली इस्त्री बाजूला ठेवून जज झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या राजश्रीकाकू कुत्रा दिसला की जिन्यातून परत फिरायच्या, त्यासुद्धा दिवाळीपर्यंत डोळे मिटून हरणीच्या पाठीवर हात ठेवू लागल्या. हरणी आधी गुरगुरली, मग नाराजीने उभी राहिली, मग नुसती कंटाळू लागली. कंटाळा आला म्हणजे काम झालं, असं हौसेरावांचं मत पडलं.

एक गोष्ट मात्र काही केल्या जमेना. हात लावू द्यायची, पण दोरी दुसऱ्याच्या हातात गेली की हरणी खुंटा ठोकल्यासारखी जागीच उभी राहायची आणि वैष्णवीकडे बघायची. कळंबोलीचा आकाश, वैष्णवीचा चुलतभाऊ, लोकांची कुत्री शोमध्ये फिरवण्यात मोठा पटाईत. त्याचीही डाळ शिजली नाही. "काका, ही तर हालतच नाय," तो घाम पुसत म्हणाला. वैष्णवी लिफ्टच्या आड गेली तेव्हा कुठे हरणीने पाऊल उचललं.

"ती तुज्या नजरंला बांदलीया," हौसेराव नातीला म्हणाले. "तू बगितलंस की झालं, ती तुजीच. तू दिसलीच न्हाईस, तर मग येईल त्याच्या संगं जातीया."

वैष्णवीने मान डोलावली. पण त्या रात्री अंथरुणात ती एकटीच हसली. शाळेत तिच्यासाठी जागा धरून ठेवणारं कोणी नव्हतं. आणि इथे असं एक जनावर होतं की जे तिला सोडून पाऊल उचलत नव्हतं. या गोष्टीचा तिला इतका आनंद झाला होता की तिने तो कोणाला सांगितलाही नाही.

डिसेंबरात नेरुळच्या एका मैदानावर शो होता. सकाळी मुलांची स्पर्धा, तिच्यात कुत्र्याला नाही, मुलाला गुण असतात. दुपारी मोठ्या रिंगमध्ये कुत्र्यांचा खरा निवाडा. राजवर्धनने आठवडाभर आधीच सांगून टाकलं होतं, "सकाळी पहिली आलीस तर दुपारी हरणी तूच न्यायची. नाय आलीस तर आकाश. चालेल ना?" वैष्णवीने हो म्हटलं. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. मोठी रिंग, हातात दोरी, शेजारी हरणी. डबा तसाच परत यायचा.

त्या सकाळी रिंगमध्ये सहा मुलं होती. जज म्हणून पिकल्या केसांच्या एक उंच बाई होत्या. त्या फारसं हसत नव्हत्या. वैष्णवीने हरणीला उभं केलं. बाईंनी दात बघितले, खांदे चाचपले, आणि हरणीने इस्त्रीवाल्याला दाखवायची तोच कंटाळा बाईंनाही दाखवला. मग वैष्णवी पळाली. दोरी सैल, हरणीची मान वर, दोघींची चाल एक. रिंगभोवतीच्या दोरखंडाच्या पलीकडे हौसेराव उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. खापरपणजीपासून सुरुवात केली असणार.

शेवटी दोघीच राहिल्या. वैष्णवी आणि पुण्याची तेजश्री. तेजश्री जेमतेम दहा वर्षांची होती आणि तिच्याकडे बिस्किट नावाचा गोल्डन रिट्रीव्हर होता. बाईंनी दोघींकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता कुत्री बदला. एकेकीने एक फेरी मारायची. मला बघायचंय, अनोळखी कुत्रा तुम्ही कसा सांभाळता ते."

वैष्णवीने हरणीच्या दोरीचा आणखी एक वेढा बोटाला दिला. पण आधी तिची पाळी होती आणि बिस्किट हा एक नंबरचा भला प्राणी. दोरीच्या टोकाला कोण आहे याची त्याला पर्वा नव्हती. फेरी छान झाली. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

मग तेजश्रीने हरणीची दोरी धरली आणि हरणी जागची हालली नाही. चारी पाय रोवून उभी राहिली आणि वैष्णवीकडे बघत राहिली.

"चल ना," तेजश्री हळूच म्हणाली. तिने दोरी ओढली नाही, हे वैष्णवीने पाहिलं. पोरगी शिकलेली होती. तिने हरणीला वास घेऊ दिला, एक पाऊल मागे आली, पुन्हा "चल" म्हणाली. हरणी ढिम्म. तेजश्रीची हनुवटी थरथरू लागली. बाईंनी घड्याळात बघितलं.

वैष्णवीला सगळं लख्ख कळत होतं. काही करायचं नव्हतं, नुसतं बघत राहायचं होतं. आपल्या कुत्रीकडे बघणं ही काही लबाडी नव्हे. कोणी बोट दाखवू शकलं नसतं. आणखी अर्धं मिनिट, मग पहिला नंबर तिचा, आणि दुपारी हरणीही तिचीच. शिवाय हरणी तिच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्याचा तिला कधी कंटाळा आला नव्हता.

तिने तेजश्रीच्या हनुवटीकडे बघितलं. मग ती वळली आणि हरणीकडे पाठ करून उभी राहिली.

आता तिच्यासमोर दोरखंड होता आणि पलीकडे माणसं. त्यात हौसेराव होते. त्यांचे ओठ हलायचे थांबले होते. मागे काय चाललंय ते वैष्णवीला दिसत नव्हतं. क्षणभर काहीच झालं नाही. मग गवतावर पावलं वाजली, हलकी आणि लांब, तिच्या ओळखीची. ती दूर गेली, वळली, परत आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तेजश्रीसाठी होत्या हे तिला न बघताच कळलं.

पहिली तेजश्री आली. माइकवर बाई म्हणाल्या, इतक्या अवघड कुत्रीला इतक्या शांतपणे चालवणं भल्याभल्यांना जमत नाही. त्या म्हणाल्या त्यात खोटं काही नव्हतं. वैष्णवीला दुसऱ्या नंबरची हिरवी फीत मिळाली. तेजश्रीने येऊन हरणीच्या मानेला मिठी मारली, हरणीने ती कशीबशी सोसली.

"दुसरी म्हणजे पण भारीच," राजवर्धन म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं होतं आणि वाईटही वाटत होतं. "टेन्शन नको घेऊ. पण ठरलं होतं तसं, दुपारी आकाश."

"हो पप्पा."

जेवणं झाली. आकाशने नंबर दंडाला बांधला आणि हात पुढे केला. वैष्णवीने दोरी त्याच्या हातात दिली. तो निघाला, पण हरणी जागीच उभी राहिली आणि वैष्णवीकडे बघू लागली. आकाशने राजवर्धनकडे पाहिलं. राजवर्धन काही बोलणार, तेवढ्यात वैष्णवी म्हणाली, "दादा, तू थांब जरा. मी गेटबाहेर जाते."

"अगं, मोठी रिंग आहे. बघणार नायस?" राजवर्धनने विचारलं.

"मी दिसले की ती चालत नाही."

एवढं सरळ ती कधी बोलली नव्हती. ती गेटकडे निघाली. मागे वळून बघितलं नाही. बाहेर रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाची गाडी होती, तिच्याजवळच्या बाकावर ती बसली. पाचेक मिनिटांनी हौसेराव धोतर सावरत आले आणि शेजारी टेकले. त्यांनी दोन ग्लास सांगितले, एक बिनबर्फाचा.

आतून स्पीकरवर कारवानांच्या रिंगचा पुकारा झाला. नंबर वाचू लागले. हौसेरावांनी आजवर कारवानांची एकही रिंग चुकवली नव्हती. ताप असताना गेले होते, मोतीबिंदू काढल्यावर काळा चष्मा लावून गेले होते.

"आबा, तुम्ही जा ना आत," वैष्णवी म्हणाली. "तुम्ही दिसलात तरी ती चालते. जा, बघा तिला."

हौसेरावांनी रसाचा घोट घेतला. आत टाळ्या वाजल्या, त्यांनी मान वळवली नाही.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मला बगायचं हुतं ते सकाळीच बगितलं मी. कुत्रीकडं न्हाई, तुज्याकडं बगत हुतो."

वैष्णवीला तेव्हा कुठे रडू आलं.