काकूचा रेडिओ आणि काकांचे कान

माझी काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होती. ऑपरेटर नव्हे, मेकॅनिक. हे ती प्रत्येकाला मुद्दाम सांगायची, कारण बाई आणि टेलिफोन म्हटलं की लोक परस्पर 'हॅलो, हॅलो' करणारी बाई डोळ्यांसमोर आणायचे. काकूचा संबंध मागच्या बाजूशी. तारांच्या जुड्या, रिले, कथलाचे डाख. तिने दिलेला डाख मी पाहिलाय, ज्वारीच्या दाण्याएवढा गोल आणि तसाच चमकदार.

पन्नाशीच्या सुमारास तिला मोठं दुखणं आलं. जीव वाचला, पण औषधांनी कान नेले. एक पूर्ण गेला, दुसऱ्यात नावाला काहीतरी उरलं. कानातलं यंत्र लावून पाहिलं. "आवाज येतात, शब्द येत नाहीत. डब्यात खडे घालून हलवल्यासारखं वाटतं," म्हणाली आणि यंत्र कपाटात गेलं. नोकरीही मुदतीआधीच सोडली.

मी त्यांच्या वरच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे पुढची वर्षं जवळून पाहिली. काकू ओठ वाचायला शिकली. माझे तिला चटकन कळायचे. काकांचे कळायचे नाहीत, कारण काकांची मिशी. ती वरचा ओठ झाकून खालच्यावरही थोडी उतरलेली होती. शिवाय काका मुळातच मितभाषी. उभा जन्म बस चालवण्यात गेला. 'ड्रायव्हरशी बोलू नये' ही पाटी डोक्यामागे घेऊन त्यांनी इतकी वर्षं काढली, की ती त्यांच्या अंगातच भिनली होती. घरी चार माणसं जमली, हसली, की काकू विचारायची, "काय म्हणाले?" काका हात हलवायचे, "काही नाही गं, असंच." हळूहळू तिने विचारणं सोडून दिलं. पाहुणे बसलेले असले की ती स्वयंपाकघरात भांडी पुसत उभी राहायची. पुसलेलीच भांडी.

अशात एक दिवस माझी आत्या, म्हणजे काकांची थोरली बहीण, रिक्षातून एक धूड घेऊन उतरली. चादरीत गुंडाळलेला जुना व्हॉल्व्हचा रेडिओ. तिचं घर रंगवायला काढलं होतं आणि मुलगा म्हणत होता, भंगारात टाकू.

"सासऱ्यांनी परदेशातून आणलेला आहे," आत्या काकूच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडली. "अस्सल माल! बघ चालू होतो का."

"ताई, ओरडू नका. सावकाश बोला, मला दिसतं," काकू म्हणाली आणि चादर सोडवू लागली.

कंपनीचं नाव कुठेच नव्हतं. पुढची पट्टी उखडलेली, मागचं झाकण गायब, काचेवरचे आकडे निम्मे पुसलेले. काकूने तो टेबलावर घेतला आणि आत्या चहा संपवेपर्यंत त्याला नुसती सगळीकडून पाहत राहिली. पुढे चार बटणं होती. चौथं फिरवलं तर मागे काहीच फिरत नव्हतं; ते लाकडाला डिंकाने चिकटवलेलं होतं. मग तिने चासी, म्हणजे आतला सगळा पत्र्याचा सांगाडा, सोडवून बाहेर काढला. पेटीच्या तळाला स्क्रूची जुनी भोकं एका जागी आणि चासी बसवलेली दुसऱ्याच जागी. व्हॉल्व्हवरचे, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांवरचे, नंबर दिसत नव्हते. मी फडक्याने पुसायला गेले तर तिने माझा हात धरला.

"पुसलंस तर कायमचं जाईल. हे बघ."

तिने काचेवर हलकेच फुंकर घातली, आपण चष्म्यावर घालतो तशी. वाफ धरली आणि त्या वाफेत क्षणभर अक्षरं उमटली. एकेक व्हॉल्व्ह तिने असा वाचून काढला. दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजमधल्या जुन्या सहकाऱ्याकडून व्हॉल्व्हच्या माहितीचं पुस्तक आणलं, आणि आठवड्याभराने आत्या आली तेव्हा निकाल तयार होता.

"ताई, पेटी परदेशी आहे. आतला रेडिओ इथला आहे, पेटीपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान. कोणीतरी एकाचं पोट दुसऱ्यात बसवलंय."

"म्हणजे खोटा?" आत्याचा चेहरा पडला.

"खोटा कशाने? पण ज्याने बसवलंय त्याचा हात चांगला होता. एक तार वाकडी नाही."

आत्याला ते फारसं पटलं नाही. तरी रेडिओ ठेवून गेली.

काकू कामाला लागली. धूळ ब्रशने झाडली, फुगलेले मोठे कंडेन्सर बदलले, कापडी वेष्टनाच्या कुजलेल्या तारा नव्या घातल्या. वीज एकदम द्यायची नाही म्हणून मध्ये बल्ब जोडला. आत कुठे तारेला तार लागली असती, तर तो बल्ब भगभगीत पेटलेलाच राहिला असता. तो पेटला आणि मंद झाला. मग थेट वीज. व्हॉल्व्हमध्ये लाल तंतू दिसू लागले. काकूने तळहात स्पीकरच्या कागदावर अगदी अलगद ठेवला आणि काकांना हाक मारली. कान त्यांचेच होते ना!

"अहो, लागला का?"

"लागला," काकांनी मान हलवली.

"कसा वाजतोय?"

"छान," म्हणत काकांनी बोटांनी खूण केली.

मी तिथेच होते. काकूचा चेहरा इतका खुललेला मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. ती चहा टाकायला आत गेली. मी वर आले. काका रेडिओसमोर बसून राहिले.

पुढचं मला दोघांकडूनही कळलं, आणि दोघांचं एकच म्हणणं आहे, त्यामुळे ते खरंच असणार. थोड्या वेळाने आवाज बिघडला. गाणारी बाई गळा धरल्यासारखी गायला लागली. काकांना ते ऐकू आलं. ते उठले नाहीत. मग मेण जळल्याचा वास आला. तो काकूला आला, स्वयंपाकघरात. ती धावत आली आणि तिने प्लग उपटला. स्पीकरजवळचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता.

आवाज वरपर्यंत आला म्हणून मी खाली गेले. काकूला आपला आवाज किती चढलाय हे कळत नसे.

"आवाज आधी बिघडला होता का?"

"थोडासा," काकांनी चिमटीने दाखवलं.

"मग सांगितलं का नाही?"

काका काही बोलले. तिला कळलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "म्हणताहेत, तू खूश होतीस."

काकू खुर्चीत बसली. "मला वाईट वाटायला नको म्हणून मला कोणी काही सांगायचंच नाही. या घरात मी माणूस आहे की कुंडी?" मग एकदम काकांकडे वळून, "बसच्या इंजिनातून असा आवाज आला असता, तर प्रवासी खूश आहेत म्हणून चालवत राहिला असतात का हो?"

काका उठून गॅलरीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध द्यायला गेले तर दार एका अनोळखी माणसाने उघडलं. मिशी गेली होती. वरचा ओठ पांढराफटक, बाकी चेहरा उन्हाने रापलेला. मला हसू आवरेना.

"हसून घे," काका म्हणाले. "तिचं हसून झालंय."

दोष सापडायला काकूला वेळ लागला नाही. शेवटच्या व्हॉल्व्हच्या आधी एक छोटा कंडेन्सर असतो. त्याने आवाज पुढे जाऊ द्यायचा आणि वीज अडवायची. थंड असताना तो मीटरवर अगदी व्यवस्थित दिसत होता. तापला की मात्र वीज गळू द्यायचा, आणि मग व्हॉल्व्ह व ट्रान्सफॉर्मर दोन्ही भाजून निघायचे. "माझंही चुकलंच," ती म्हणाली. "आधीच्या माणसाचं काम नीटनेटकं दिसलं आणि मी भुलले." कंडेन्सर आणि व्हॉल्व्ह दोन्ही बदलले. ट्रान्सफॉर्मर मात्र पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळणाऱ्या माणसाकडून गुंडाळून घ्यावा लागला. केसासारखी बारीक तार बघून तो काकूवर जाम वैतागला, पण गुंडाळून दिला.

पुन्हा रेडिओ लावला तेव्हा काकूने काकांना खुर्ची दिली, स्वतः हातात स्क्रू फिरवायची काडी घेतली आणि म्हणाली, "आता 'छान' म्हणायचं नाही. गाडीचं सांगता तसं सांगा."

काका कान देऊन बसले. "मागे घूं असा आवाज आहे. गाडी स्टँडवर उभी ठेवून इंजिन चालू ठेवतात तसा."

काकूने एका व्हॉल्व्हवरचं पत्र्याचं टोपण घट्ट बसवलं. "आता?"

"बंद झालं इंजिन. बाई बातम्या देतेय. पण 'स' म्हणाली की टायरमधली हवा सोडल्यासारखं होतंय."

काकू आत काडी घालून एक बारीक स्क्रू केसभर फिरवू लागली. काका तिच्याकडे तोंड करून, हात उंच धरून, डेपोत मागे घेणाऱ्या बसला रस्ता दाखवावा तसे सुरू झाले, "येऊ दे... येऊ दे... अजून... बास! गेलीस पुढे. मागे घे. हां, बास!"

तिने काडी काढली. तळहात स्पीकरवर ठेवला. मग म्हणाली, "काय सांगतेय ती?"

काकांनी सांगितलं. कुठला पूल बंद आहे, कोण मंत्री काय बोलला, हवामान कसं राहील, सगळं. मला वाटलं हवामानापर्यंत थकतील, पण त्यांनी खेळाच्या बातम्यासुद्धा पुऱ्या केल्या. त्यांना एका दमात एवढं बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

ती सवय मग त्यांना जरा जास्तच लागली. आत्या रेडिओ न्यायला आली तेव्हा काकांना हळूच म्हणाली, "एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवा आणला असता." काका लगेच काकूकडे वळले आणि आत्याचं वाक्य जसंच्या तसं, तोंड नीट उघडून, तिला ऐकवलं. आत्या ओशाळली. काकू मोठ्याने हसली आणि म्हणाली, "ताई, नवा आणला असता तर यांना कोणी बोलतं केलं असतं?"

आत्याने रेडिओ नेला. तिच्या बैठकीच्या खोलीत तो चालू आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ती अजूनही परदेशीच सांगते, फक्त 'पेटी' हा शब्द हळू आवाजात आधी लावते. तिच्या ओळखीतल्या एकीने आपला रेडिओ काकूकडे पाठवला, मग आणखी कोणीतरी. सध्या टेबलावर आहे त्याची स्टेशनचा काटा सरकवणारी दोरी तुटली आहे. ती चाकांवरून कशी ओवायची यावरून दोघांचं सकाळपासून वाजलंय, आणि काकूला आपला आवाज किती चढतो ते अजूनही कळत नाही, त्यामुळे मला वर बसून सगळं ऐकू येतंय.