सगळ्या बसचा त्रिशूळ

गरम डिझेलचा वास आला की सौंसरच्या पुढच्या घाटात बंद पडलेली नागपूरहून निघालेली यात्रेची बस आठवते. मी मोठ्या दुखण्यातून उठलो म्हणून आई मला घेऊन महादेवाच्या डोंगरावर नवस फेडायला निघाली होती. नवसाचा लोखंडी त्रिशूळ माथा गाठेपर्यंत जमिनीला टेकवायचा नव्हता. ड्रायव्हर इंजिनात डोकं घालून होता, बाकीचे पळसाखाली बसले, आणि आई त्रिशूळ खांद्यावर घेऊन भर उन्हात उभी. एक अनोळखी बाई उठली. "काहून उभी राहिली वं? आन इकडे, बस जराशी." मग संध्याकाळपर्यंत तो त्रिशूळ सगळ्यांच्या खांद्यांवर फिरला. दुसऱ्या दिवशी डोंगरही सगळे बरोबरच चढले. वर पुजाऱ्याने नवस कुणाचा म्हणून विचारलं, तर आईच्या आधी अख्खी बस बोलली, "आमचा." एवढ्या लोकांनी ज्याचा नवस फेडला तो मी, आजवर कुठल्याच दुखण्याला भ्यालो नाही.