फळ्यावर नसलेला टॉर्च

सदर इसम विमान-अपघात तपासणी खात्यात वरिष्ठ अधिकारी. उंची मध्यम, चष्मा जाड, केस नावापुरते. धोका अगोदर ओळखून तो टाळणे हे कर्तव्य. विशेष खूण: विमानात बसताच सीटखाली हात घालून लाइफ जॅकेट चाचपणे. कर्मचारीवर्गात 'शंकासुर' या नावाने परिचित. सदर नाव त्यांस ठाऊक नसल्याचे मानले जाते.

ठाऊक होतं. वाईटही वाटत नसे. उमेदीच्या काळात, कोसळलेल्या एका विमानाच्या फरशीखाली त्यांना पाना सापडला होता. कुणीतरी विसरलेला, शेपटीकडे जाणाऱ्या तारांत अडकलेला. तेव्हापासून हँगरच्या फळ्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असे; काम झालं की हत्यार तिच्यावरच टांगायचं. एक जरी आकृती रिकामी दिसली, तरी विमान जागचं हलत नसे. नियम त्यांचाच. नव्या पोरांना ते बजावत, "विमानाला कसले घाबरता? घाबरायचंच तर रस्त्याला घाबरा."

त्या दिवशी सकाळी त्यांनी एका विमानाची 'अचानक' तपासणी केली. दुपारी त्याच विमानाने साहेबांची मुलगी मुलाखतीला जाणार होती, हे हँगरमध्ये झाडूवाल्यालाही माहीत होतं. फरशीच्या पट्ट्या उघडून साहेब बराच वेळ तारांत डोकं खुपसून होते. सगळं ठाकठीक. पट्ट्या बंद झाल्या.

दुपारी ऑफिसात खिशात हात गेला, तर टॉर्च नाही. ड्रॉवर पाहिला, बॅग उलटी केली, गाडीच्या सीटखाली वाकले. नाही. सकाळचा उजेड आपल्या टॉर्चचा होता की मेकॅनिकच्या दिव्याचा? आठवेना. असल्याच प्रश्नांनी त्यांनी आजवर भल्याभल्या साक्षीदारांना घाम फोडला होता. आता स्वतःचा शर्ट पाठीला चिकटला. फळ्यावर त्या टॉर्चची आकृती नव्हतीच. नियम करणाऱ्याचं सामान कोण मोजणार?

खिडकीतून विमान दिसत होतं. शिडी काढत होते.

त्यांनी हँगरच्या इंजिनिअरला फोन लावला. "विमान थांबवा. फरशीखाली टॉर्च राहिला असेल."

"कुणाचा, साहेब?"

"माझा."

पलीकडून अतिशय अदबीने, "फळ्यावर त्याचीही आकृती रंगवून घेऊ का, साहेब?"

"आधी थांबवा हो!"

विमान थांबलं. थोड्याच वेळात मुलीचा फोन आला. "बाबा, सगळ्यांना उतरवलंय. लोक शिव्या घालतायत. हे तुमचं तर काही नाही ना?"

"माझंच आहे. टॉर्च राहिलाय बहुतेक आत. मिळाला की सोडतील."

"आणि नाही मिळाला तर? उद्या सकाळी मुलाखत आहे, बाबा! वर्षभर वाट पाहिलीय मी." फोन आपटल्यासारखा बंद झाला.

विमान हँगरमध्ये परत ओढून आणलं, साहेबही तिथे जाऊन उभे राहिले. एकेक पट्टी उघडली की त्यांचा श्वास अडकायचा, आत नुसत्या तारा दिसल्या की आणखी अडकायचा. मेकॅनिक त्यांच्याकडे बघायचं टाळत होते, तेही फार सौजन्याने.

शेवटची पट्टी उघडत असताना बायकोचा फोन आला. "अहो, तुमचा टॉर्च फ्रीजवर पडलाय."

साहेब जवळच्या स्टुलावर बसले. मग घाईघाईने म्हणाले, "पोरीला सांग, तासाभरात सोडतायत विमान. हे तपासलंय मी, दोनदा!"

"ती कशाला थांबतेय तुमच्या विमानाला? गेली स्टँडवर."

"बसने? अगं, रात्रीचा प्रवास, घाटाचा रस्ता! थांबव तिला!"

बस सुटली होती.