तांबडा आयरिस

सरांचा आयरिस मी चहात टाकून प्यालो. आलं समजून. दोन्ही कंद दिसायला सख्खे भाऊ आणि सरांच्या घरच्या फ्रिजमध्ये शेजारी शेजारी ठेवलेले. पण दोष माझाच, कारण ठेचल्यावर वास येईना म्हणून मी उरलेलाही टाकला.

सर सेलूच्या कॉलेजात मला वनस्पतिशास्त्र शिकवून थकले. मी रंगाचं दुकान टाकलं. आयरिस हे थंड मुलखातलं फूलझाड, गारठा लागल्याशिवाय फुलत नाही. म्हणून निवृत्तीनंतर सर दर हिवाळ्यात कंद फ्रिजमध्ये ठेवत. "त्याला वाटू दे, आपण काश्मिरात हाव." सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणत, "अन् मला कवा वाटावं, फ्रिज आपला हाय?"

"पाकळीत दोनच रंगारी," सर सांगत. "अँथोसायनिन पाण्यात कालवतो, निळा-जांभळा. कॅरोटिनॉइड तेलात, पिवळा-केशरी. अस्सल तांबड्याची वाट जनुकातच बंद हाय."

"सर, दुकानातून डबा आणू का?"

ते हसले नाहीत. वर्षानुवर्षं या फुलाचे पराग त्या फुलाला लावत, बी पेरत आणि जांभळंच बघत. एकदा मात्र एक कळी उमलायच्या आत उन्हानं करपली, तिच्या टोकाला त्यांना तांबडं दिसलं. खरं, की करपल्याचं? ते रोप पुन्हा फुलल्याशिवाय कळणार नव्हतं. मी प्यालो तो त्याच रोपाचा कंद.

सर बाजारातून आले तेव्हा मी मोरीपाशी ओकत होतो. त्यांनी गाळणीतला चोथा बोटानं चाळला. "एक डोळा बी शाबूत ठेवला न्हाईस रे. कोंब कुठून फुटावा?" एवढंच. पुढे माझ्यासमोर त्यांनी फुलांचं नाव काढलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात सर गेले. शोकसभेत लोक त्यांना 'फुलवेडे' म्हणाले. जिवंतपणी नुसतं 'येडं' म्हणायचे. फूल मेल्यावर वाहिलं.

काकूंना घर आवरायला मदत करताना फ्रिजच्या तळाशी मला एक वाळका तुकडा सापडला. माझ्या तावडीतून सुटलेला! गुपचूप दुकानी नेला, रंगाच्या रिकाम्या डब्यात लावला. कोंब आला, पानं आली. सर गेले, पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्या डब्यात होतं. छाती फुगवून काकूंना बोलावलं.

काकूंनी पान चुरगाळून नाकाशी धरलं.

"आलं हाय हे," त्या म्हणाल्या. "तवा चहात वळखलं न्हाईस, आता डब्यात बी न्हाई. तुला त्यांनी पास कसं केलं रे?"